वृद्धांची अंघोळ आणि त्वचेची निगा : आपले अनुभव

घरातील वृद्धांना अंघोळ घालताना काय अडचणी आल्या आणि कोरड्या त्वचेवर काय लागू पडले, ते पुणेकर वाचकांनी लिहावे. औषधांची नावे मात्र डॉक्टरांवरच सोडावीत.

कोथरूड : सासूबाईंचे वय ८३. थंडी सुरू झाली की त्यांच्या नडग्यांवर खवले धरतात आणि रात्रभर खाज सुटते. कढत पाण्याने खाज तेवढ्यापुरती थांबते, म्हणून त्यांचा हट्ट कढत पाण्याचाच असे. त्वचारोगतज्ज्ञांनी समजावले की उतारवयात त्वचेतील तेल मुळातच कमी झालेले असते आणि उरलेसुरले कढत पाणी व साबण धुऊन नेतात; शिवाय त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता मोजण्याचे माप) ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १०, म्हणजे अल्कधर्मी असतो. आता पाणी कोमट, अंघोळ दहा मिनिटांच्या आत आणि साबण फक्त काखा, जांघा व पावलांना. घासणी बाद केली. मऊ पंचाने अंग टिपून ते ओलसर असतानाच क्रीम लावतो. साधी पेट्रोलियम जेलीही चालते. दिवाळीचे उटणे शास्त्रापुरते हाताला लावतो, रगडत नाही.

सदाशिव पेठ : वाड्यातील न्हाणीघराची शहाबादी फरशी तेलाने फार निसरडी होते, त्यामुळे वडिलांना तेल अंघोळीनंतर, खोलीत बसवूनच लावतो. भिंतीला दांडी आणि बसायला खुर्ची आहेच. पण मुलासमोर उघडे होण्याचा त्यांचा संकोच पंचा नेसूनच अंघोळ घालू लागल्यावर कमी झाला.

धायरी : आई अंथरुणाला खिळलेली आहे. कोपर बुडवून पाणी पाहायचे आणि एकेक अवयव पुसून लगेच पांघरायचा, म्हणजे ती कुडकुडत नाही. घड्यांमध्ये पावडर घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घामाने तिचे गोळे होतात आणि स्तनांखालची कातडी सोलवटते. तिथे कोरडे टिपणे पुरते. दर दोन तासांनी कूस बदलताना माकडहाड आणि टाचा पाहते. बोटाने दाबूनही लाली फिकी पडली नाही, तर ती बेडसोरची (एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजून डॉक्टरांना कळवते.

वाघोली : टँकरचे पाणी जड असल्याने साबणाला फेस येत नाही आणि मदतनीस मावशी आणखी साबण लावत बसतात. फेस आला नाही तरी साबण वाढवू नये, एवढे त्यांना सांगून ठेवावे.

बाणेर : खाज रात्री वाढत असेल आणि घरात इतरांनाही सुटली असेल, तर नुसत्या क्रीमवर विसंबू नये. आमच्याकडे ती खरूज निघाली आणि उपचार सगळ्यांना एकाच वेळी घ्यावे लागले.