मुलांचे मेसेज वाचण्याआधी आपला स्टेटस बघा

माशेलकरीण: काल या ग्रुपवर एकाने लिहिलं, "पोरांना कसला आलाय खासगीपणा? फोन बापाचा, रोज रात्री सगळे मेसेज वाचायचे." डोकंच फिरलं. अहो, पोरांची माहिती चव्हाट्यावर मांडतो कोण? शाळा सुरू झाली की पालकांचे स्टेटस बघा: छातीवर बिल्ला, मागे बालरथ म्हणजे शाळेची बस, त्यावर शाळेचं नाव, खाली मुलाचं नाव आणि इयत्ता. अनोळखी माणसाला आणखी काय हवं?

डिचोलकर: तो 'एकाने' म्हणजे मीच. माझ्या भाच्याकडे गेममधल्या 'मित्रा'ने ओटीपी मागितला, त्याने बापाच्या फोनवरचा वाचून दाखवला. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावेपर्यंत खातं रिकामं. आता तुमचा खासगीपणा काय चाटायचा?

माशेलकरीण: ओटीपी कुणाला द्यायचा नाही, हे त्याला आधी कुणी सांगितलं होतं? चोरून मेसेज वाचलेत तर पोरं दुसरं खातं उघडतात, ते तुम्हाला सापडतही नाही.

फोंड्याचा वकील: २०२३ चा डेटा संरक्षण कायदा वाचा. अठराच्या आतल्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. त्यांचा माग काढून जाहिराती दाखवायच्या नाहीत, दंड २०० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ही कलमं लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे.

डिचोलकर: तोवर पोरं जन्मसाल २००० टाकून मोकळी!

पेडण्याचे मास्तर: संमती म्हणे! आमच्या वाड्यावर शाळेकडून फोटोच्या परवानगीचा कागद आला, अख्खा इंग्रजीत. आजीने पोराला विचारूनच सही केली. २०११ साली गोवा सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान दिलं, तेव्हाच आम्ही बोंब मारली होती.

डिचोलकर: मास्तर, इथेही शाळेच्या माध्यमाचा वाद? तुमची नातवंडं कुठे शिकतात ते सांगा आधी.

पेडण्याचे मास्तर: ते सून ठरवते. मुद्दा तो नाही.

सासष्टीकार: मुद्दा तोच! भाषणं मराठीची, नातवंडं इंग्रजीत. आणि कोकणी शाळांचं नाव कुणी काढत नाही.

पेडण्याचे मास्तर: मी पस्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलंय. मला शिकवू नका!

माशेलकरीण: भांडा तुम्ही. पण मास्तरांचं एक खरं, जो कागद वाचताच येत नाही त्यावरची सही कसली संमती?

डिचोलकर: बरं बाई, पुतणीचा वाढदिवसाचा फोटो काढला स्टेटसवरून. झालं समाधान? पण मुलाचा फोन मी बघणारच.

माशेलकरीण: बघा. त्याला शेजारी बसवून बघा, झोपल्यावर नको.

डिचोलकर: शेजारी बसवल्यावर सापडणार काय, कप्पाळ?