खुबा बदलायचाय: सिरॅमिक की पॉली? झीज कशाची कमी?

दादरकर:
आईचं वय ५७. एव्हीएन (रक्तपुरवठा तुटून हाड मरणं) झाल्यामुळे डावा खुबा बदलायचा आहे. डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत: सिरॅमिक गोळा आणि वाटीत क्रॉसलिंक पॉलीचं (जास्त टिकाऊ केलेलं प्लॅस्टिक) लायनर, म्हणजे अस्तर, किंवा दोन्ही सिरॅमिक. दुसरा बराच महाग. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, शिवाय रोज लोकलचे पूल. जिन्यांनी सांधा लवकर झिजेल का?

ओटी_टेबल:
जिन्यांची धास्ती नको. झीज पावलांवर धरतात: लॅबच्या यंत्रावर १० लाख फेऱ्या म्हणजे ढोबळमानाने वर्षभराचं चालणं. जुनं पॉली वर्षाला ०.१ मिमी किंवा जास्तही झिजायचं. पॉली संपायच्या आधीच वाटी (कमरेच्या हाडात बसवतात ती) सैल व्हायची, कारण बारीक भुगा पेशी गिळतात आणि त्यातून भोवतालचं हाड पोखरलं जातं. क्रॉसलिंकची झीज सहसा ०.०५ च्या खालीच. पहिल्या वर्षी गोळा जरा आत गेलेला दिसतो, ते पॉली दबल्यामुळे.

माझं मत पहिल्या पर्यायाला. दोन्ही सिरॅमिक असेल तर झीज आणखी कमी, पण कधी कधी चालताना कुईकुई वाजतं. क्वचित फुटलंच तर कच आत राहते, मग रिव्हिजनला (दुबार ऑपरेशनला) धातूचा गोळा चालत नाही. कच त्याला खरवडून काढते.

गिरणगाव७:
कंपनीपेक्षा वाटीचा कोन महत्त्वाचा. ४० अंशांच्या आसपास हवा. ५० च्या वर उभी बसली की भार कडेवर येतो, मग भारी माल घालूनही उपयोग नाही. आणि ३६ मिमीच्या गोळ्याचा हट्ट नको. मोठा गोळा निखळत कमी, पण त्याच वाटीत लायनर पातळ होतं. वाटी लहान असेल तर ३२ बरा.

दादरकर:
पूजेला मांडी घालून बसते. त्याने झिजेल?

ओटी_टेबल:
झिजण्याचा प्रश्न नाही. खूप वाकल्यावर दांड्याची (मांडीच्या हाडात बसवतात तो) मान लायनरच्या कडेवर आपटते. कड चिरते किंवा गोळा निखळतो. मागच्या बाजूने ऑपरेशन असेल तर निखळण्याची भीती जास्त. देव्हारा उंचावर घ्या, कमोड बसवा. मांडीचं सर्जननाच विचारा.

परळ_एक्सरे:
दुखत नाही म्हणून फिल्म (एक्सरे) न काढणं ही नेहमीची चूक. हाड पोखरलं जात असताना बहुतेकदा काहीच जाणवत नाही. वर्षाने एक काढा, मग सर्जन सांगतील त्या अंतराने, आणि जुनी फिल्म बरोबर न्या. गोळा वाटीच्या मध्यावरून वर सरकलेला दिसला की लायनर झिजलंय समजायचं. वेळेत सापडलं आणि वाटी-दांडा पक्के असले तर नुसतं लायनर आणि गोळा बदलून भागतं. पण त्यासाठी नेमकं मॉडेल आणि साइज माहीत लागते. पार्टच्या खोक्यांवरचे लॉट नंबरचे स्टिकर डिस्चार्जच्या फाइलमध्ये चिकटवून मागा. २०१० मध्ये डेप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातूचा सांधा परत मागवला गेला होता. आपल्या खुब्यात तोच आहे का, हे त्या स्टिकरवरूनच कळतं.