दिवा जवळ आणला तरी हायड्रिलाचे बुडबुडे वाढेनात, उलट घटले. चूक कुठे?

कुतूहल_११
प्रकाशाचा प्रकाशसंश्लेषणाच्या वेगावर काय परिणाम होतो, त्यासाठी नेहमीचा प्रयोग मांडलाय. चंचुपात्रात ५०० मिली उकळून गार केलेलं पाणी, त्यात कापलेलं टोक वर करून हायड्रिला या पाणवनस्पतीची फांदी, बाजूला ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब. टोकातून सुटणारे ऑक्सिजनचे बुडबुडे दर मिनिटाला असे: ४० सेंमीवर ६, २० सेंमीवर २२, १० सेंमीवर ३१, ५ सेंमीवर १९. याच क्रमाने, लागोपाठ मोजले. शेवटी पाणी २४ वरून ३३ अंश सेल्सिअसवर गेलं होतं. शेवटची घट उष्णतेमुळेच ना? पण मग १० सेंमीलाच वाढ का मंदावली?

तळ्याकाठी
आधी आकडे नीट वाचा. अंतर निम्मं झालं की प्रकाश दुप्पट नाही, चौपट होतो. ४० वरून २० वर येताना बुडबुडेही जवळपास चौपट झाले, म्हणजे तोवर झाडाला फक्त प्रकाशच कमी पडत होता. २० वरून १० वर येताना प्रकाश पुन्हा चौपट, बुडबुडे मात्र दीडपटही नाहीत. इथे अडवणूक दुसऱ्याच कशाची तरी आहे. ब्लॅकमन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०५ साली मांडलेला मर्यादाकारक घटकांचा नियम तो हाच: जो घटक सगळ्यात तोकडा, तोच वेग ठरवतो.

माझा संशय थेट उकळलेल्या पाण्यावर. उकळल्यावर पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, म्हणजे कच्चा मालच गायब. शिवाय ऑक्सिजनही निघून गेलेला असतो, त्यामुळे झाडाने सोडलेला ऑक्सिजन सुरुवातीला बुडबुडा न होता पाण्यातच मुरतो. तुमचे पहिले आकडे त्यामुळेही थोडे कमी आले असतील.

न उकळलेलं, रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी घ्या आणि ५०० मिलीला अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा विरघळवा. हायड्रिला पाण्यातला बायकार्बोनेटही वापरू शकते. बेकिंग पावडर चुकूनही नको. तिच्यात आम्ल असतं, पाण्यात पडताच ती स्वतःच फसफसते आणि तुम्ही भलतेच बुडबुडे मोजत बसता. सोडा जास्त झाला तरी फांदी मलूल पडते.

हरितकण
सोड्याचं पटलं, पण उष्णतेला इतक्यात सोडू नका. मंद उजेडात तापमान वाढवून फारसा फरक पडत नाही, कारण प्रकाश शोषण्याचा टप्पा तापमानाला जुमानत नाही. उजेड भरपूर असला की वेग विकरांच्या (एन्झाइम्सच्या) हाती जातो आणि तापमान बोलू लागतं. गरम पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी विरघळतो, श्वसन वाढतं आणि तयार झालेला ऑक्सिजन झाड स्वतःच जास्त वापरतं. बुडबुडे दाखवतात ती उरलेली शिल्लक.

तरीही ३३ अंश हायड्रिलाला जाचक नाहीत, ती उबदार पाण्यातलीच वनस्पती. म्हणून १९ या आकड्याचं सगळं खापर उष्णतेवर फोडणार नाही. ५ सेंमीचं मोजमाप शेवटचं होतं, तेही त्याच पाण्यात; तोवर होता नव्हता तो कार्बन डायऑक्साइड बराचसा संपला असणार.

खात्री करायची तर बल्ब आणि पात्राच्या मध्ये सपाट बाजूंची, पाण्याने भरलेली काचेची पेटी ठेवा. उष्णता ती अडवते. नाहीतर एलईडी वापरा. दर मोजमापाला तापमापी वाचून आकडा शेजारी लिहा.

काचपात्र
दोघांचंही बरोबर, पण मोजण्यातच चार छिद्रं आहेत.

फांदीचं टोक धारदार पात्याने पाण्याखालीच तिरकं कापा. बोटाने चिरडलं तर हवेच्या वाटा बुजतात आणि बुडबुडे अडखळतात. मधेच ओघ थांबला तर अर्धा सेंमी पुन्हा कापा. १९ चं कारण इतकं साधंही असू शकतं!

अंतर बदलल्यावर पाच मिनिटं थांबा, मग तीनदा मोजून सरासरी घ्या. अंतरांचा क्रम उलटसुलट ठेवा, म्हणजे पाणी तापण्याचा नि सोडा संपण्याचा दोष एकाच टोकाला साचणार नाही. अंतर पात्राच्या काचेपासून नव्हे, फांदीपासून मोजा. ५ सेंमी तर सोडूनच द्या: बल्ब स्वतःच तेवढा जाड असतो, चौपटीचं गणित तिथे लागू पडत नाही.

बुडबुडे लहानमोठे असतात हा या पद्धतीचा मूळ दोष. जमल्यास फांदीवर नरसाळं पालथं घालून, पाण्याने भरलेल्या बारीक मोजनळीत वायू साठवा आणि दर दहा मिनिटांनी त्याचं आकारमान वाचा.

शेवटी फांदीऐवजी दोरा लावलेलं तसंच पात्र दिव्यासमोर ठेवा. न उकळलेलं पाणी तापलं की त्यातली हवा आपोआप बुडबुड्यांनी सुटते. ती ऑक्सिजनच्या खात्यात धरली जाऊ नये.

कुतूहल_११
सोड्याने १० सेंमीचा आकडा चांगलाच वर गेला. आता लाल, निळा, हिरवा जिलेटिन कागद लावून रंगाचा परिणाम बघता येईल का?

हरितकण
येईल, पण कागद रंग बदलतो तसा एकूण उजेडही कमी करतो. प्रकाशमापीने तिन्ही रंगांत सारखा आकडा आणला तरी ती मोजणी मानवी डोळ्याच्या बेताची असते आणि डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त टिपतो. त्यामुळे हिरव्यात झाडाला प्रत्यक्षात कमी प्रकाशकण मिळतात आणि हिरवा उगाच नापास होतो. हिरवा प्रकाश अगदीच वाया जात नाही, जाड पानात तर तो लाल-निळ्यापेक्षा खोल उतरतो. तुलना लाल आणि निळ्यापुरतीच ठेवा आणि वहीत ‘उजेड समान नाही’ असं स्पष्ट लिहा.