पावसाळ्यात कपडे वाळवायला हीट पंप ड्रायर: घ्यावा की नाही?

वाघबीळ_तेरावा_मजला
घोडबंदर रोडला राहते. आम्ही दोघं, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासूबाई. जून लागला की हॉलमध्ये कपड्यांचा स्टँड उघडतो, तो गणपती येईपर्यंत मिटत नाही. बाल्कनीबाहेर दोरी बांधायला सोसायटीची बंदी आहे. ड्राय बाल्कनी ३ बाय ५ फुटांची, तिथे छताला कप्पीच्या सहा दांड्या. मागच्या जुलैत मुलाच्या शाळेच्या पँटचा कमरेचा पट्टा तिसऱ्या दिवशीही ओला होता. सकाळी सहाला इस्त्री फिरवली तर वाफेबरोबर आंबूस वास वर आला. तीच पँट घालून तो शाळेत गेला. कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीवर हाताएवढा काळा बुरशीचा डाग होता. धाकट्याला दम्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, "कपडे घरात वाळवता का?"

७ किलो सुती कपडे १००० ते १२०० आरपीएमला (ड्रमच्या मिनिटाला तितक्या गिरक्या) पिळून निघाले तरी त्यांत ४ लिटरच्या आसपास पाणी उरतं. ते स्टँडवर टाकलं की जातं कुठे? घराच्या हवेत, तिथून गादीत, भिंतीत, कपाटात. खिडकी उघडावी तर बाहेरची हवा त्याहून दमट. म्हणून माझं ठाम मत झालंय की हीट पंप ड्रायर घ्यावा. त्याला बाहेर पाइप काढावा लागत नाही, हवा आतल्या आत फिरते आणि पाणी टाकीत किंवा ड्रेनच्या नळीत जातं. कपडे ५०-६० अंशांच्या आसपास वाळतात, साध्या ड्रायरसारखे भाजत नाहीत. भरलेल्या फेरीला साधारण दीड-दोन युनिट. आठवड्याला चार फेऱ्या धरल्या तर महिन्याला ३० युनिटच्या आत-बाहेर. पावसाळ्यात आमचं बिल महावितरणच्या ३०१ ते ५०० च्या स्लॅबमध्ये असतं. सगळं मिळून युनिटला १५ रुपये धरले तरी साडेचारशे.

दुकानात ८ किलोच्या मशीनचे ७८,००० सांगितले. नवऱ्याचं म्हणणं, चार महिन्यांच्या वस्तूला इतके पैसे घालू नयेत. मला ते पटत नाही. तुमचं काय मत? आकड्यांसकट सांगा.

नेरूळ_सेक्टर_अठरा
ताई, आकडे मागितलेत म्हणून देतो. मी तुमच्या यजमानांच्या बाजूचा आहे.

पाइपवाला साधा ड्रायर ३०,००० च्या आसपास मिळतो. तो फेरीला ४ युनिट खातो असं धरू, तुमचा पावणेदोन. फेरीमागे सव्वादोन युनिट वाचले. महिन्याला १६ फेऱ्या म्हणजे ३६ युनिट, १५ च्या भावाने ५४० रुपये. वर्षातले चार महिने वापर, म्हणजे २,१६० रुपये. किमतीतला फरक ४८,०००. तो वसूल व्हायला २२ वर्षं लागतील, आणि मशीन दहा-बारा वर्षं टिकलं तरी पुष्कळ. वीज वाचते हे खरं, पण आपल्याकडे ऑक्टोबर ते मे ऊन फुकट असताना त्या बचतीतून पैसे निघत नाहीत. बारा महिने ड्रायर लावणाऱ्या देशांचा हिशेब इथे आणून चालणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. साधा ड्रायर तास-सव्वा तासात मोकळा करतो, हीट पंपला दोन-अडीच तास, जाड टॉवेल आणि जीन्स असतील तर तीन. पाच माणसांच्या घरात रविवारी तीन फेऱ्या लागल्या तर दिवस त्यातच गेला.

वाघबीळ_तेरावा_मजला
हिशेब बरोबर आहे, मान्य. पण तुलना चुकीच्या वस्तूशी आहे. साध्या ड्रायरला चार इंची पाइप खिडकीबाहेर काढावा लागतो. दर्शनी भिंतीला एक भोक पाडायचं तर सोसायटीची मीटिंग बसेल. पाइप काढला नाही तर चारही लिटर पाणी वाफ होऊन घरातच. मग स्टँड काय वाईट? वाचलेल्या विजेसाठी मी ७८,००० देत नाहीये. भिंत कोरडी राहावी आणि मुलाला रात्री धाप लागू नये म्हणून देतेय.

आणि तिकडचा हिशेब इथे नको म्हणता, पण युरोपीय संघाने १ जुलै २०२५ पासून नियम इतके कडक केलेत की तिथे बाजारात येणारे नवे ड्रायर आता हीट पंपाचेच. स्वित्झर्लंडने तर ते २०१२ मध्येच केलं. तंत्र कच्चं असतं तर असा नियम झाला नसता.

एसी_फ्रिज_कळवा
मी एसी-फ्रिजचं काम करतो, अलीकडे हे ड्रायरही हाताखालून जातात. दोन्ही बाजूंचं थोडं सांगतो.

आत जे आहे तो एसीच आहे. कॉम्प्रेसर, एक गार कॉइल, एक गरम कॉइल. गरम हवा ड्रममधून पाणी उचलते, गार कॉइलवर ते पाणी सोडते, गरम कॉइलवर तापून परत ड्रममध्ये जाते. लिटरभर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटला थोडी कमी वीज लागते. साध्या ड्रायरमध्ये ती उष्णता पाइपातून बाहेर फेकली जाते. इथे वाफेचं पाणी होताना तीच उष्णता परत मिळते आणि पुन्हा वापरली जाते. चार लिटर पाणी दीड-दोन युनिटांत निघतं ते यामुळे. यात फसवणूक काही नाही.

आता दुखणं. कपड्याचा भुसा. दाराजवळची जाळी प्रत्येक फेरीनंतर साफ करायचीच. तरी बारीक भुसा जाळीतून निसटतो आणि ओल्या कॉइलवर बसतो. मागच्या महिन्यात माजिवड्याला एक मशीन उघडलं. कॉइलवर राखाडी रंगाचा, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा थर होता, बोटाने खरवडला तर सालासारखा सुटला. त्या घरात दोन तासांचं काम चार तासांवर गेलं होतं आणि लोकांना वाटत होतं गॅस संपला. काही मॉडेलना खाली झडप असते, ती उघडली की कॉइल हाताला लागते. काहींत मशीन स्वतः जमलेल्या पाण्याने कॉइल धुतं, तिथे हात पोचत नाही. मशीन ते काम चांगलं करतं, पण एकदा थर बसला की आख्खं खोलावं लागतं. घ्यायच्या आधी दुकानात खाली वाकून बघा, कॉइल हाताला लागते का. विक्रेत्याला हे विचारलेलं आवडत नाही, तरी विचारा.

गॅसचं म्हणाल तर बऱ्याच नव्या मशीनमध्ये आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन. थोडाच असतो, पण पेटणारा. गळती झाली तर नाक्यावरच्या कोणालाही टाका मारायला देऊ नका.

बंद कपाटात मशीन कोंडू नका, त्याला श्वास घ्यायला जागा लागते. वीज मध्येच गेली आणि लगेच आली तर दोन-पाच मिनिटं थांबून चालू करा.

सीवूड्स_भाड्याचं_घर
माझ्याकडे होता. तीन वर्षं वापरून विकला, म्हणून लिहितेय.

कपडे सुंदर निघायचे. टॉवेल तर इतके मऊ की दोरीवरचा टॉवेल पुन्हा हातात घेववेना. पण मी भाडेकरू. पहिल्या घरात ड्रेनची नळी जोडायला जागा नव्हती, टाकी प्रत्येक फेरीला ओतावी लागायची. एकदा ओतायची राहिली आणि फेरी अर्ध्यात थांबली. रात्री अकराला ऑफिसचे कपडे ओलेच. दुसऱ्या घरात वॉशिंग मशीनवर चढवला, दोन्ही मिळून पाच फूट सात इंच. माझी उंची पाच फूट. टाकी वरच्या कोपऱ्यात, भरलेली टाकी डोक्याच्या उंचीवरून काढताना दोनदा अंगावर सांडली. घर बदलताना टेम्पोवाल्यांनी मशीन आडवं नेलं. कॉम्प्रेसरचं तेल खाली बसावं म्हणून काही तास तसंच उभं ठेवायचं असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी लगेच चालू केलं. त्यानंतर ते आवाज करू लागलं, आणि सर्व्हिसवाल्यांनी पार्टसाठी जुलैचा आख्खा महिना घालवला. नेमका जुलै.

ज्यांचं घर स्वतःचं आहे आणि ड्रेन जवळ आहे त्यांनी घ्यावा. भाड्याने राहणाऱ्यांनी नको, असं मी कळकळीने सांगते.

ऐरोली_डिह्युमिडिफायर
२०-२५ हजारांत डिह्युमिडिफायर, म्हणजे खोलीच्या हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, घ्या आणि विषय संपवा. छोट्या खोलीत स्टँड, दार-खिडकी बंद, रात्री लावायचा. अडीचशे वॉटच्या आसपास खातो, म्हणजे आठ तासांत दोन युनिट. सकाळी कपडे कोरडे, आणि दिवसा तोच कपाटासमोर ठेवला की भिंतही सुकते. रेशमी साडी, लोकरीचं, इलास्टिकवालं, ड्रायरमध्ये न जाणारं सगळं चालतं. वर्षानुवर्षं ड्रममध्ये घासून कपडा विरतो. तो जाळीतला भुसा म्हणजे आपलाच कपडा आहे हो!

एसी_फ्रिज_कळवा
हे बरोबर आहे. आतलं यंत्रही तेच, फक्त ड्रम नाही.

वाघबीळ_तेरावा_मजला
टू बीएचकेमध्ये पाच माणसं. रात्रभर बंद ठेवायची ती छोटी खोली कुठली? तिथे सासूबाई झोपतात.

खारघर_आईची_देखभाल
मी साठीचा माणूस. आई ८७ वर्षांची, दोन वर्षांपासून अंथरुणावर. रोज तीन चादरी, दोन दुपटी, दोन गाऊन, कधी जास्त. पहिल्या पावसाळ्यात ओलसर चादर घातली गेली आणि पाठीला पुरळ उठलं. त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या आईच्या अंगाखाली पुन्हा ओली चादर जाणार नाही. हीट पंप ड्रायर घेतला. इथे डोंगराखाली पाऊस धरला की आठ-आठ दिवस उघडीप नसते. बारा महिने वापरतो, बिल वाढलंय, तक्रार नाही.

नेरूळच्या दादांचा २२ वर्षांचा हिशेब वाचला. आमच्याकडे रोज एक फेरी, तीही बारा महिने. तुमच्याच आकड्यांनी चार वर्षांत फरक निघतो. वेळेबद्दल म्हणाल, तर अडीच तास मशीन चालतं, मी नाही. पूर्वी तोच वेळ मी काठीने चादरी वर चढवण्यात घालवायचो आणि खांदा धरायचा.

एक विचारायचं होतं. टाकीतलं पाणी स्वच्छ दिसतं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू का?

एसी_फ्रिज_कळवा
काका, अजिबात नको. दिसायला डिस्टिल्ड वाटतं, पण त्यात बारीक भुसा आणि साबणाचा अंश असतो, बॅटरी खराब होईल. फरशी पुसायला वापरा.

नेरूळ_सेक्टर_अठरा
काका, तुमच्या घरी मी कधीच नको म्हणणार नाही. रोजची फेरी असेल तर माझं गणित उलटं होतं, हे मला आधीच लिहायला हवं होतं.

वाघबीळच्या ताईंना मात्र अजून सांगेन, आधी पिळण बघा. बहुतेक घरांत मशीन ८०० वर लावलेलं असतं, कारण वरच्या स्पीडला आवाज होतो. मशीनला १४०० असेल तर सुती कपड्यांना १४०० लावा. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. ड्रायर घेतलात तरी पाणी कमी असेल तर फेरी लवकर संपेल. वजनकाट्यावर घालून बघा.

वाघबीळ_तेरावा_मजला
घातले. कोरडे कपडे ५.२ किलो. ८०० ला पिळून ८.९ किलो. तेच पुन्हा भिजवून १४०० ला पिळले तर ८ किलो. म्हणजे ९०० ग्रॅम पाणी नुसत्या एका बटणावर गेलं, आणि इतकी वर्षं मी ते घरात वाळवत होते. दादा, मनापासून आभार.

पण उरलेलं पावणेतीन लिटर अजूनही माझ्या हॉलमध्ये आहे. ड्रेन ड्राय बाल्कनीतच आहे, घर स्वतःचं आहे. रविवारी टेप घेऊन माप काढते. वर चढवला तर टाकीपर्यंत हात पोचत नाही, म्हणून शेजारी-शेजारी बसतात का बघायचंय. मशीन ६० सेंटिमीटर रुंद, बाल्कनी ५ फूट लांब. कळव्याच्या दादा, मागे नळीसाठी किती जागा सोडू?

एसी_फ्रिज_कळवा
चार इंच सोडा. आणि कॉइलची झडप समोरून उघडते का ते बघूनच पैसे द्या.