बायका कार्बाइडला भितात, मशेरीला नाही. बैठकीत काय सांगावे?

प्रश्न (चोपडा तालुका, जि. जळगाव)
आमच्या गावातील बचत गटाला कर्करोगाविषयी माहिती देण्याचे काम मी घेतले आहे. पहिल्या बैठकीत जवळजवळ सगळे प्रश्न कार्बाइडने पिकवलेल्या केळ्यांबद्दल आणि शेतातील फवारणीबद्दल आले. मात्र विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी सकाळी मशेरी लावून आल्या होत्या, आणि तीही तंबाखूच आहे असे म्हटल्यावर "तिने दात घट्ट राहतात" एवढेच उत्तर मिळाले. त्यांची भीती खोटी न ठरवता हा विषय कसा काढावा?

उत्तर (दंतवैद्य, जळगाव)
ताई, मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू. भाजल्याने तिचा धोका जात नाही, आणि हिरड्या मागे सरकल्याने दात उलट सैल होतात, हे आधी सांगा. त्याहून अधिक वेळ सुपारीला द्या, कारण तिला कोणी व्यसनच समजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीने गालाच्या आतले अस्तर ताठर होते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे त्याच जागी कर्करोग उद्भवू शकतो. उभी तीन बोटे तोंडात जात नसतील, किंवा पांढरा अथवा लाल चट्टा वा जखम दोन आठवड्यांत बरी होत नसेल, तर तपासणी करून घ्यावी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. साधी सुपारी मात्र किराणा दुकानातच मिळते.

उत्तर (केळी उत्पादक, रावेर)
फवारणीची भीती हसण्यावारी नेऊ नये. मॅलॅथिऑन या कीटकनाशकाला त्याच संस्थेने २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. पण हा प्रश्न मुख्यतः उघड्या हातांनी फवारणी करणाऱ्या मजुराचा आहे, आणि औषध हाताळलेल्या त्याच हातांनी तो तंबाखू मळतो, हे आम्ही शेतकरी रोज पाहतो. फळे कार्बाइडने पिकवण्यास कायद्याने मनाई आहेच. मला विचाराल तर, व्यापाऱ्याला दोष देणे सोपे जाते. घरातली डबी बंद करणे अवघड.

उत्तर (आरोग्य सेविका, नंदुरबार जिल्हा)
आमच्याकडे मोहाची दारू घरची म्हणून निर्धोक मानतात. दारू कोणतीही असो, तिच्यातील अल्कोहोलपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे कर्करोगकारक रसायन तयार होते, आणि दारूला तंबाखूची जोड मिळाली की तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षाही वाढतो. वाढलेल्या वजनाचा संबंध पाळी थांबल्यानंतरच्या स्तनाच्या कर्करोगाशी आहे, हेही बायकांना ठाऊक नसते.

एक काळजी मात्र घ्या: प्रत्येक कर्करोग सवयीमुळेच होतो असे बोलू नका, नाहीतर ज्यांच्या घरात रुग्ण आहे त्या पुन्हा बैठकीला येणार नाहीत. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात होते, म्हणून पुढची बैठक उपकेंद्रातील तपासणीच्या दिवशीच ठेवा. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक लिहून द्या.