‘१९८४’ साल तर कधीच गेलं, मग ही कादंबरी आता का वाचायची?

धुळ्याची वाचक
बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाची ‘१९८४’ परवा संपवली. सरकार माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवतं, अशा राज्याची ती गोष्ट. मावशी भाकरी थापत होती, तिला गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “पुढं काय होईल ते सांगणारं पुस्तक ना? मग ते साल तर तुझ्या जन्माआधीच सरलं.” मला उत्तर सुचलं नाही. अशा कथा आल्या कुठून? आणि अशा भयाण राज्याला इंग्रजीत ‘डिस्टोपिया’ म्हणतात, त्याला मराठीत म्हणायचं काय?

बोरीकाठचे नाना, अमळनेर
पोरी, मावशीचा प्रश्न रास्त आहे. पण हे पुस्तक भविष्य सांगायला लिहिलेलंच नाही.

आधी शब्दाचं बघू. थॉमस मोरने १५१६ मध्ये ‘युटोपिया’ हा शब्द घडवला. ग्रीकमध्ये अर्थ ‘कुठेच नसलेली जागा’, पण कानाला ‘चांगली जागा’ही ऐकू येते. १८६८ मध्ये इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल ब्रिटिश संसदेत आयर्लंडच्या प्रश्नावर बोलताना सरकारबद्दल म्हणाला, की यांना युटोपियावाले म्हणणं हे यांचं कौतुक होईल, हे तर डिस्टोपियावाले. बघ, शब्द चालू कारभारावरच उगारलेला होता. मराठीत ‘दुःस्वप्नकथा’ म्हणता येईल, पण मला ते पटत नाही. स्वप्नातून जाग येते. या कथांतली माणसं जागीच असतात. आपल्याकडे ‘सुराज्य’ आहेच, म्हणून मी ‘कुराज्य’ म्हणतो.

आता या कथा आल्या कुठून ते. झाम्यातिन हा रशियन जहाजबांधणीचा इंजिनिअर. क्रांतीनंतर तीन-चार वर्षांतच त्याने ‘वुई’ (म्हणजे ‘आम्ही’) ही कादंबरी लिहिली. तिच्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि घरं काचेची. इंग्रजीत ती १९२४ ला निघाली. त्याच्या स्वतःच्या देशात छापायला १९८८ उजाडलं. ऑर्वेलने १९४६ मध्ये तिच्यावर लेख लिहिला, आणि १९४९ ला त्याची ‘१९८४’ आली.

त्या पुस्तकात मला टेहळणीपेक्षा ‘न्यूस्पीक’, म्हणजे राजवटीने घडवलेली भाषा, जिव्हारी लागली. तिथे भाषेचा कोश दरवर्षी बारीक होत जातो. शब्दच उरला नाही तर बंडाचा विचार येणार कुठून, असा हिशेब.

मी दुसरीत होतो. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी. वर्गात विचारलं, “गुरुजी, मी आठे बसू?” तळहातावर लाकडी पट्टी बसली. “इथे म्हण.” ‘इथे’ जिभेवर येईना, ‘आठे’ची भीती बसलेली. पुढचा महिनाभर मी बोटाने जागा दाखवायचो. गुरुजी वाईट नव्हते, पोरं शिकावीत हीच त्यांची तळमळ. ती शाळा म्हणजे कुराज्य, असं मी म्हणणार नाही. पण शब्द काढून घेतला की माणसाचं काय होतं, ते मला तेव्हाच कळलं. इथे ऑर्वेलशी माझं थोडं जमत नाही. विचार मरत नाही. मला बसायचं होतंच, फक्त मी मुका झालो होतो.

शहाद्याहून
नानांच्या म्हणण्याला जोड देते. कॅनडाची लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुडने १९८५ च्या ‘द हँडमेड्स टेल’ या तिच्या कुराज्याच्या कादंबरीसाठी स्वतःवर एक अट घातली होती: माणसाने इतिहासात कुठे ना कुठे केलेलं नाही, असं काहीही पुस्तकात घालायचं नाही. मावशींना एवढं सांगितलं तरी पुरेल.

बोरीकाठचे नाना, अमळनेर
एक राहिलं. शेवटचं न्यूस्पीकवरचं परिशिष्ट पोरं सोडून देतात. ते भूतकाळात लिहिलंय: न्यूस्पीक अशी ‘होती’. म्हणजे ती राजवट संपल्यावर कुणीतरी हे लिहितंय, असा अर्थ काही वाचक काढतात. मीही तोच काढतो.

धुळ्याची वाचक
नाना, सगळं मावशीला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘आठे’पाशी तिने हात धरून थांबवलं. तिच्या शाळेत पट्टी नव्हती, कान धरून उभं करायचे. परिशिष्ट मीही सोडलं होतं. आज रात्री दोघी मिळून वाचतो.