आगिनाल्दो आणि बॉस्टनचे साम्राज्यविरोधक: आधार की भुलावण?

गलबत
'फिलिपिन्सला स्वातंत्र्य मिळवून दिलं ते अमेरिकेतल्या साम्राज्यविरोधकांनी, तिथला क्रांतिनेता आगिनाल्दो निमित्तमात्र', असं वाक्य परवा इथे कुणी सहज ठोकून दिलं. राहवत नाही म्हणून लिहितोय. ६ फेब्रुवारी १८९९ ची सिनेटमधली मोजणी बघा: स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेला देण्याच्या पॅरिसच्या तहाच्या बाजूने ५७, विरोधात २७. दोन तृतीयांशासाठी ५६ मतं लागत होती. दोन मतं फिरली असती तर तह तिथेच पडला असता. आणि तह होऊ द्या म्हणून आपल्या लोकांना समजावत कोण होतं? डेमोक्रॅट नेता ब्रायन! आधी स्पेनशी युद्ध संपवू, मग ठराव करून स्वातंत्र्य देऊ, असा त्याचा हिशेब. तो ठराव आठ दिवसांनी आला, २९-२९ अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष होबार्टच्या मताने पडला. तोवर मनिलाबाहेर अमेरिकन आणि फिलिपिनो सैन्यात गोळीबार सुरू होऊन दहा दिवस झाले होते.

पाणवठा
ब्रायन म्हणजे लीग, साम्राज्यविरोधकांची बॉस्टनची संघटना, नव्हे. सिनेटर होर रिपब्लिकन असूनही स्वतःच्या पक्षाविरुद्ध उभा राहिला. लीगच्या अ‍ॅटकिन्सनने युद्धविरोधी पुस्तिका फिलिपिन्समधल्या अधिकाऱ्यांना पाठवल्या, तर सरकारने त्या सॅन फ्रान्सिस्कोला टपालातून काढून घेतल्या. १९०२ मध्ये सिनेटच्या समितीसमोर 'वॉटर क्युअर'च्या (जबरदस्तीने पाणी पाजून करायच्या छळाच्या) साक्षी झाल्या, त्यामागेही याच लोकांचा रेटा होता. हे शून्य धरायचं?

शिलेदार
छळ उघडकीला आणला, मान्य. पण त्याच छावणीत सिनेटर टिलमनसारखे लोक होते, ज्यांना फिलिपिनो माणूस नागरिक म्हणून नको होता. मजूर नेता गॉम्पर्सला धास्ती स्वस्त मजुरांची. आगिनाल्दोची मोठी चूक म्हणजे त्याने सगळी भिस्त नोव्हेंबर १९०० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ब्रायन जिंकेल यावर ठेवली. ब्रायन हरला आणि डिसेंबरातच अमेरिकी जनरल मॅकआर्थरने गनिमांना मदत करणाऱ्यांवर लष्करी कायद्याचा फास आवळला.

गलबत
त्याहून मोठी चूक म्हणजे फिलिपिनो सेनापती लूनाचा खून. ५ जून १८९९, काबानातुआन. मारणारे कावितचे शिपाई, म्हणजे आगिनाल्दोच्या गावचे. याच तुकडीला लूनाने हुकूम मोडल्याबद्दल निःशस्त्र केलं होतं.

पाणवठा
लूना आला की विषय भरकटतो. त्याच्या खंदकांनी काय साधलं? काडतुसं पुन्हा भरून वापरायची वेळ, नेमबाजीचा सराव नाही, गोळ्या डोक्यावरून जायच्या. समोर तोफा आणि नदीतून येणाऱ्या गनबोटी. तिथे समोरासमोर लढणं म्हणजे माणसं वाया घालवणं.

गलबत
म्हणूनच डोंगरात तळ तयार करून गनिमी काव्याची सोय आधीपासून लावा, असं लूनाच सांगत होता! तो निर्णय बायाम्बांगला १३ नोव्हेंबर १८९९ ला झाला. पाच महिने गेले, त्यात शिकलेलं सैन्य विस्कटलं. लूनाच्या खुनाची धड चौकशीही झाली नाही. क्रांतीचा आधीचा नेता बोनिफासिओला मे १८९७ मध्ये मारलं, तेव्हापासून ही खोड आहे.

शिलेदार
खुनाचा हुकूम आगिनाल्दोचा होता याला पुरावा काय? ठामपणे लिहू नका.

गलबत
हुकूम म्हटलंच नाही. चौकशी केली नाही म्हटलं. नीट वाचा.

पाणवठा
आगिनाल्दो पकडला गेला त्या पालानानचं काय मग? अमेरिकी जनरल फन्स्टनच्या हाती निरोप्याची पत्रं लागली, त्यांत आगिनाल्दोने कुमक मागवली होती. जप्त केलेल्या कागदांवर फिलिपिनो सेनानी लाकुनाची खोटी सही करून 'कुमक येतेय' असं कळवलं, अमेरिकेच्या बाजूचे ऐंशीएक माकाबेबे शिपाई बंडखोरांच्या वेशात आणि पाच अमेरिकन 'कैदी'. वाटेत त्यांचं अन्न संपलं तेव्हा आगिनाल्दोनेच तांदूळ पाठवला! त्याच तांदळावर चालत येऊन २३ मार्च १९०१ ला त्याला धरलं. एवढा सावध माणूस, पण खुणेचा शब्द ठरवलेला नाही, पत्राची उलटतपासणी नाही.

शिलेदार
आणि नंतर १ एप्रिलला अमेरिकेशी निष्ठेची शपथ. आगिनाल्दोच्या सरकारचा पहिला पंतप्रधान माबिनी मात्र ग्वामला हद्दपारीत राहिला, शपथ फेब्रुवारी १९०३ मध्ये घेतली आणि मे महिन्यात पटकीने गेला. त्याची आठवण कुणालाच येत नाही याचा संताप येतो.

गलबत
येतोच. मूळ मुद्दा सोडत नाही: १९३४ च्या कायद्याने स्वातंत्र्याची तारीख ठरली, त्यामागे साखर उत्पादक आणि मजूर संघटनांचा जोर होता. त्याच कायद्याने फिलिपिनोंना वर्षाला फक्त ५० जणांचा स्थलांतर कोटा दिला. याला लीगचं यश म्हणायचं?

पाणवठा
तेवढं सोडून देतो. पण होरचं नाव त्या साखरवाल्यांच्या पंगतीत बसवू नका.